पाण्यावरची चमक शेवटी

आमच्या पेंटरच्या दुकानात किस्से जुन्या रंगासारखे साचतात. एक खरवडावा तर खालून दुसरा निघतो.

मी चित्रकलेचं कॉलेज सोडलं ते नांदेडला. जुन्या इंग्रज चित्रकारांनी कालव्यांच्या शहरातला उजेड आणि पाणी कसं रंगवलं, हे सर आम्हाला झेरॉक्सवर शिकवायचे. काळ्या-पांढऱ्या! मी विचारलं, सर, यात उजेड कुठंय? कल्पना करा, म्हणाले. स्वतः त्यांनी कधी केली नसावी.

मग लातूरला गुरप्पाकाकांच्या दुकानात लागलो. काका त्याच चित्रांच्या नकला करून विकतात. धुक्यात विरघळलेल्या इमारती, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या, सोनेरी पाणी. नळाची वाट बघणाऱ्या गावात लोक हॉलमध्ये पाणी टांगतात!

काकांचा नियम असा, की मूर्तीचे डोळे जसे शेवटी, तशी पाण्यावरची चमक शेवटी. तीही दार लावून. आम्ही भिंतीकडं तोंड करायचं. मी हसलो तर म्हणाले, "पहिली नजर कुणावर पडंल, सांगता येत न्हाई." असल्या थापांवरच यांची पिढी म्हातारी झाली.

एक चित्र रेणापूरला गेलं. आठवड्यात गिऱ्हाईक परत आलं. त्याची आई त्या भिंतीपुढून जाताना लुगडं घोट्याच्या वर धरते म्हणे. समजावून बघा, मी म्हणालो.

"समजावलं की. आता बायको बी धराया लागली."

मग काकांना मोतीबिंदू झाला. तो पिकत गेला तसं चित्रातलं पाणी खोल होत गेलं. एक डोळा आधीच गेलेला. डॉक्टरांनी बजावलं, आणखी थांबलात तर हाही जाईल. काका हटून बसले. आत्ता कुठं ते शहर नीट दिसाया लागलंय, म्हणे. काकू नुसत्या रडायच्या.

शेवटी मीच बोललो. "काका, ते शहर न्हाई, मोतीबिंदू हाय."

मग लई दिवसांनी एका सकाळी काका स्वतःच ऑपरेशनसाठी नांदेडच्या गाडीत जाऊन बसले.

पट्टी काढली तेव्हा मी तिथंच स्टुलावर होतो. दवाखान्याचा दुसरा मजला, भर दुपार. डॉक्टरांनी अक्षरांचा तक्ता दाखवला. काकांनी तळाची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली. डॉक्टर खूश होऊन बाहेर गेले.

दारातून काकू आत यायला निघाल्या. काकांनी हात वर केला.

"थांब तिथंच. पायऱ्या निसरड्या हायत."

मग कॉटचा दांडा धरून त्यांनी एक पाय खाली सोडला, अंगठ्यानं सपाट, कोरडी फरशी जरा चाचपली, आणि सावकाश उतरायला लागले.

काकू दारातच थांबल्या.

मी स्टुलावर पाय वर घेतले.