इंदुबाईंचा हाताचा क्लच

कोथरूडमध्ये जागा परवडेना म्हणून दोन हजार तीन साली आम्ही धायरीत फ्लॅट घेतला. बिल्डरनं माहितीपत्रकात पोहण्याचा तलाव छापला होता. नळाला पाणी येत नाही, हे छापायचं तेवढं राहिलं. त्यामुळे आमच्या तीस बिऱ्हाडांच्या आंघोळी इंदुबाईंच्या टँकरवर अवलंबून होत्या.

इंदुबाई साठीच्या. जमीन विकली, पण विहीर ठेवलेली. टँकर ओढणारा त्यांचा ट्रॅक्टर जुनापुराणा. त्याचा क्लच पायाशी नव्हता, हाताशी होता. एक लांब दांडा. मला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही, तरी एकदा विचारलंच, की असं का?

"पायाचा क्लच दाबाय शिटावर बसाय लागतंय," त्या म्हणाल्या. "मंग मागं टँकर जोडायची पिन कोण घालणार? ह्यो खाली उभं ऱ्हाऊन बी चालतो. आन् सोडला तरी हाय तिथंच ऱ्हातो. एकट्या मानसासाठी केलाय."

खरंच, मागचा गिअर टाकून त्या मोठ्या चाकाशी उभ्या राहून दांडा जरासा पुढे ढकलायच्या, ट्रॅक्टर दोन बोटं मागे सरकायचा, दांडा ओढला की थांबायचा. पिन आत.

त्यांचा मुलगा इंद्रजीत हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. आईचे हाल बघवेनात, म्हणून त्यानं जुना ट्रॅक्टर भंगारात द्यायचं ठरवलं आणि एका रविवारी पायाच्या क्लचचा नवा चालवून बघायला आणला. टँकर का आला नाही म्हणून मी भांडायला गेलो, ते भांडण विसरून बघतच राहिलो. इंद्रजीत शिटावर, इंदुबाई मागे पिन घेऊन.

"मागं ये. आजून. थांब. लई झालं, पुढं घे."

असं चार वेळा झालं.

"आई, मी येत जाईन ना रोज सकाळी जोडून द्यायला," इंद्रजीत म्हणाला.

"म्हंजी मला रोज तुला हाक माराय लागंल," इंदुबाई म्हणाल्या. "तुझा बाप गेला, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी म्या टँकर जोडला. कुनाला हाक मारली न्हाई. आता बी नगं."

इंद्रजीत ट्रॅक्टरवरून खाली उतरला. मला त्याची दया आली, आणि बाईंचा फार अभिमान वाटला. थोड्या वेळानं त्यानं भंगारवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं आणि नवा ट्रॅक्टर परत नेऊन दिला.

त्यानंतर तो दर रविवारी आईनं हाक न मारताच येऊ लागला. इंदुबाई त्याला पिनेला हात लावू देत नाहीत. तो शेजारी चहा घेऊन उभा असतो, आणि त्या दिवशी आमचं पाणी हमखास उशिरा येतं. मी तक्रार करत नाही.