कौतुकबाईचा माइक

माझी मावशी दिव्यांच्या कारखान्यात कौतुक करायच्या नोकरीला होती. हसू नका, खरंच असं पद होतं! कामगारांचं मन कामात रमावं हे बघायचं, रोजच्या सूचना माइकवरून द्यायच्या आणि महिनाअखेरीला एकाचं नाव पुकारून त्याला प्रशस्तिपत्र द्यायचं. सगळे तिला कौतुकबाईच म्हणत. शाळेच्या सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. नवे दिवे तपासायला सगळे एकदम पेटवत, तेव्हा भर दुपारी तो लांबलचक हॉल पिवळ्या उजेडात तरंगायला लागायचा आणि मावशी वही घेऊन त्यातून हळूहळू चालत जायची. कुरकुरतं दार कोण गुपचूप दुरुस्त करतं, कोण कुणाला पाणी आणून देतं, सगळं त्या वहीत. आम्हा भाचरांना मात्र तिने कधी शाबास म्हटलं असेल तर शपथ.

एकदा पॅकिंगमधली एक बाई तिच्या नजरेत भरली. ती एकटी दोघींचे खोके भरायची. झालं, मावशीला कौतुकाचं भरतं आलं. विचारणं नाही, सवरणं नाही, सरळ माइकवर सांगून मोकळी: "ही बाई आपलं काम सांभाळून शेजारणीचेही खोके भरते!"

टाळ्या पडल्या, प्रशस्तिपत्र हातात आलं. पॅकिंगवालीचा चेहरा मात्र पांढराफटक. शेजारची तिची मैत्रीण होती, आणि मैत्रिणीचे हात थरथरायचे. दिवा हातात घेतला की फुटायचा. दोघींनी दोन वर्षं झाकून ठेवलेलं, मावशीने दोन मिनिटांत चव्हाट्यावर आणलं. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने मैत्रिणीला सांगितलं, महिना संपला की येऊ नका. पॅकिंगवालीने प्रशस्तिपत्र मावशीच्या टेबलावर आणून ठेवलं आणि निघून गेली.

"बाई गं, काय करून बसले मी!" मावशीला घास उतरेना. मला तर तिचा रागच आला होता. एवढी वही भरली, पण त्या थरथरणाऱ्या हातांकडे हिचं लक्षच नाही!

ती मॅनेजरकडे सहा वेळा गेली. पाच वेळा हात हलवत परत आली. सहाव्यांदा म्हणाली, "तिचे हात थरथरतात साहेब, आवाज नाही. माइक तिला द्या. मी नुसती वही सांभाळीन."

माइक म्हणजे मावशीचा जीव की प्राण. मॅनेजर कंटाळून हो म्हणाला.

महिनाअखेरीला मैत्रीण माइकपुढे उभी राहिली. हातातला कागद इतका थरथरत होता की त्याची सळसळ हॉलभर ऐकू गेली. पण आवाज आला तो स्वच्छ, ठाम. सगळे दिवे पेटलेले होते. मावशी मागे भिंतीला टेकून उभी होती, हातात नुसती वही. पॅकिंगवाली येऊन तिच्या शेजारी उभी राहिली.

"पुढच्या वेळी आधी विचारत जा," ती म्हणाली.

मावशीने मान हलवली. त्यानंतर ती प्रत्येकाला आधी विचारायची, "सांगू का?" कुणी नको म्हटलं की ते वहीतच राहायचं.

आता मावशी थकली आहे. दुपारी खुर्चीत तिचा डोळा लागतो. परवा मी तिच्या पायांवर चादर घालत होते, तर झोपेतच पुटपुटली, "सांगू का?"

"सांग ना गं," मी म्हटलं.

डोळे मिटलेलेच ठेवून तिने आम्हा भाचरांमधल्या एकेकाचं नाव घेतलं, आणि शेवटी माझं.