बुडालेल्या माणसाची चावी

सुकदेव कशालाच भीत नाही, अशी सुरतेतल्या लिंबायतच्या त्या गल्लीत त्याची ख्याती होती. ती त्याने स्वतःच पसरवली असली तरी अगदीच खोटी नव्हती. लूमच्या खात्यात, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मागाखाली निघालेली धामण त्याने शेपटीला धरून बाहेर नेऊन सोडली होती. एका उन्हाळ्यात शेठच्या तोंडावर सांगितलं होतं, की पंखे लावा, नाहीतर माणसं चक्कर येऊन पडतील. पंखे लागले. असा हा माणूस साठीला टेकता टेकता एका बाईच्या दाराला भ्यायला लागला. ती बाई अमेरिकेतली, तीही नाटकातली, आणि ती बोलायची त्यातलं अक्षर सुकदेवला कळत नव्हतं.

हे त्याच्या मुलीमुळे झालं. मनीषा इंग्लिश बोलायच्या क्लासला जात होती. क्लासच्या सरांनी सांगितलं, सिनेमे बघून भाषा येत नाही, चित्र बघून सगळं कळल्यासारखं वाटतं. त्यापेक्षा अमेरिकेतली जुनी रेडिओ नाटकं ऐका. टीव्ही घरोघर यायच्या आधी तिकडे अख्खं घर संध्याकाळी रेडिओभोवती बसायचं. तिथे कानाशिवाय कशाचाच आधार नाही. आणि एकच नाटक ऐका, शब्दन् शब्द डोक्यात बसेपर्यंत.

मनीषाने एक निवडलं आणि दुपारी मोबाइलवर लावायला लागली. सुकदेवची रात्रपाळी. दुपारी तो झोपून उठलेला असायचा. एका खोलीच्या घरात मुलगी जे ऐकेल ते बापालाही ऐकावं लागतं. पहिल्या दिवशी तो कुरकुरला, दुसऱ्या दिवशी उठून बसला, आणि आठवड्याभरात चहाचा कप घेऊन मोबाइलसमोर मांडी घालून बसायला लागला.

गोष्ट मनीषाने त्याला सांगितली होती. समुद्राकाठच्या गावात एक बाई एकटी राहते. नवरा बोटीसकट बुडाला, प्रेत मिळालं नाही. घराची एक चावी त्याच्या खिशात होती, ती त्याच्याबरोबर तळाला गेली. आणि एका संध्याकाळी, बाई पाहुणीबरोबर चहा पीत बसलेली असताना, बाहेरून दाराला चावी लागते.

एवढंच. कुणी ओरडत नाही, वाद्य वाजत नाही. बायका बोलत असतात, कपबशा वाजतात, आणि त्यातच कुलपात चावी फिरल्याचा बारीक, नाजूक आवाज होतो. तिथे बापलेक दोघं दचकायची. रोज तोच आवाज, रोज तेच दचकणं. कोपऱ्यात साड्यांवर खडे चिकटवत बसलेली वत्सला, सुकदेवची बायको, हसायची.

"रोज तेच शे, आनि रोज घाबरतस. येडा व्हयनात दोन्ही."

सुकदेवला ती भीती आवडायला लागली होती. भाषा कळत नसूनही आपल्याला पावलं कळतात, दार कळतं, बाईचा श्वास अडकलेला कळतो, याचं त्याला अप्रूप वाटायचं. खात्यात तो सोबत्यांना हातवारे करून ही गोष्ट सांगायचा. मागांच्या खडखडाटात बोलून उपयोग नसतो. धागा तुटला, चहा आला, शेठ आला, सगळं हातांनी आणि ओठांनीच चालतं. बुडालेला माणूस हातांनी कसा दाखवायचा, हे मात्र त्याला नव्याने बसवावं लागलं.

मग दिवाळीच्या सुट्टीत नाटक बंद पडलं. खानदेशात गावी जाणं, पाहुणे, मनीषाची परीक्षा, यात बरेच महिने गेले. उन्हाळ्यात एका दुपारी तिने ते पुन्हा लावलं. सुकदेव खुशीत समोर बसला. बायका बोलायला लागल्या. तो चावीची वाट बघत होता.

मनीषा दचकली.

सुकदेव वाटच बघत राहिला. त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. बायका बोलत होत्या, म्हणजे मोबाइल चालू होता. त्या आता घाबरून बोलत होत्या, म्हणजे चावी फिरून गेली होती. मोबाइल बिघडला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं, आणि सांगतानाच ते खोटं आहे हे त्याला समजलं.

त्याला सुपडू आठवला. सुपडूने याच गल्लीत राहून आयुष्यभर माग चालवले, आणि आता तो ओट्यावर बसून असतो, ठार बहिरा. पोरं त्याच्या मागे जाऊन टाळ्या वाजवतात. मोठी माणसं आधी त्याच्याशी ओरडून बोलायची, मग खुणेने, आणि आता नुसती मान हलवून पुढे जातात. घरचेही ताट समोर ठेवतात आणि वळतात. मेलेलं बरं, पण सुपडू होणं नको, असं सुकदेव एकदा चारचौघांत हसत म्हणाला होता. तेव्हा सुपडू तिथेच बसलेला होता.

आता तुम्ही म्हणाल, माणूस बहिरा होत चाललाय हे घरात कुणाला कळलं कसं नाही? पण लूमवाल्यांच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. मीठ मागायचं तरी भांडण चाललंय असं शेजारच्याला वाटावं. त्यात कोण ऐकतो आणि कोण नाही, हे कोण बघणार? शिवाय सुकदेवला समोरच्याचं सगळं समजायचं. कसं समजतं, याचा त्याने कधी विचार केला नव्हता.

तो त्याला त्याच आठवड्यात करावा लागला. मनीषा स्कूटीवरून आली. सुरतेच्या पोरी बांधतात तशी तोंडाला ओढणी घट्ट बांधलेली. दारातूनच ती काहीतरी बोलली. सुकदेवला नुसती गुणगुण ऐकू आली.

"पहिले ती ओढनी सोड, मंग बोल," तो खेकसला.

तिने ओढणी खाली ओढली. ओठ दिसले, आणि शब्द एकदम स्वच्छ ऐकू आले. सिलिंडर आला का, एवढंच ती विचारत होती. "आप्पा, सिलिंडर उना का?"

सुकदेव जागीच गार पडला. म्हणजे इतके दिवस आपण ऐकत नव्हतो. बघत होतो. खात्यातली सवय घरी आली होती, आणि तिच्या आडून कान कधी गेले ते कळलंच नाही. त्या नाटकात तेवढं कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

त्यानंतर त्याने नाटक सोडलं असतं तर संशय आला असता, म्हणून तो रोज बसायला लागला. नजर मोबाइलवर ठेवायची आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मनीषाचं तोंड बघायचं. ती दचकली की आपण दचकायचं. अर्धा श्वास उशीर व्हायचा, पण चहाचा घोट घेतल्यासारखं करून तो ते झाकायचा. पूर्वी तो नाटकातल्या बाईसाठी घाबरायचा. आता त्याला त्या बाईचा हेवा वाटायचा. तिला निदान चावी ऐकू तरी येत होती.

पोरगी मात्र बापासारखीच चौकस. ओढणीच्या दिवसापासून तिच्या मनात काहीतरी सलत होतं. एका दुपारी नाटक सुरू झालं. बाईने पाहुणीला बसायला सांगितलं, हवापाण्याच्या गप्पा निघाल्या. चावीला अजून बराच वेळ होता. मनीषा अचानक दचकली.

सुकदेवही दचकला. जरा जास्तच, कारण आज तो बेसावध होता. वर छातीवर हात ठेवून म्हणाला, "आज तं भलताच घाबरी गऊ मी."

मनीषाने नाटक थांबवलं. मग त्याच्याकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आप्पा, तठे काहीच नव्हतं."

कोपऱ्यात वत्सलाच्या हातातला खडा हातातच राहिला. सुकदेवने कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. चिडावं असं त्याला वाटलं, पण चिडायला बळच राहिलं नव्हतं.

"माले सुपडू नही व्हवानं," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मनीषा, माले भलती भीती वाटस."

मनीषाला रडू आलं. वत्सला उठून त्याच्याजवळ येऊन बसली. त्या दोघींनी त्याला असं बोलताना कधी बघितलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरकडे त्याला काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. सुकदेवने सवयीने काचेपलीकडच्या माणसाचं तोंड शोधलं. तो माणूस पाठ करून बसला होता. सुकदेव बटणावर बोट ठेवून बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज गेले, ते परत येणार नाहीत. जे उरलंय ते टिकवायचं असेल तर माग सोडा, आणि कानाला मशीन लावून घ्या. मशीन लावूनही सगळं पूर्वीसारखं होणार नाही.

सुकदेवने माग सोडला. आता तो शहराबाहेर कडोदऱ्याकडे एका गोदामात कापडाच्या घड्या घालतो. तिथे एवढी शांतता असते की सुरुवातीला त्याला वाटलं, सगळंच गेलं. अजूनही सकाळी जाग आली की तो आधी वत्सलाच्या बांगड्यांचा कानोसा घेतो. एखाद्या दिवशी त्या वाजत नाहीत. मग तिचा हात हलतोय का, ते तो बघत नाही. त्याला बघायची भीती वाटते.

परवा रविवारी त्याने स्वतःहून नाटक लावायला सांगितलं. कानात मशीन होतं. या वेळी तो मनीषाकडे बघत बसला नाही. डोळे मिटून बसला. बायका बोलायला लागल्या. कपबशा वाजत असतील, असा त्याने अंदाज केला. काळोखात ती बाई होती, तो होता, आणि दार होतं. तो चावीची वाट बघत राहिला. शेवटी न राहवून त्याने डोळे उघडले.

"चावी वाजनी का?"

एवढे महिने त्याने हे विचारलं नव्हतं. मनीषाने चेहरा त्याच्याकडे वळवला.

"वाजनी, आप्पा. आतेच."

आणि मग, थोड्या उशिराने, सुकदेव दचकला.