नत्थूजींचे पहिल्या क्रमांकाचे पदक

इतवारीच्या सराफ्यात चांदी आटवण्याचे काम करणारे नत्थूजी पदक मात्र कधी काट्यावर ठेवत नसत. मोडीत आलेले पैंजण, वाट्या, करंडे ते निर्विकारपणे मुशीत टाकत. पण त्यांत एखादे जुने पदक निघाले, की भाता थांबे. पदकाच्या काठावरून अंगठ्याचे नख फिरवीत ते विकणाऱ्याला विचारीत, "कोन जिंकलं होतं हे?" उत्तर बहुधा मिळत नसे. मग तो मागेल ती किंमत देऊन ते पदक स्वतःकडे ठेवीत.

सत्तर सालच्या सुमारास ते प्रथम माझ्याकडे आले, ते पुडीत एक पदक घेऊन. "वकीलसाहेब, या काठावर इंग्रजीत नाव हाये. वाचून द्या मले." पूर्वी बोटीने परदेशी जाऊन आपली माणसे ज्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत धावली, झुंजली, त्यांपैकी एका स्पर्धेचे ते होते. तेव्हापासून नावे पडताळण्यासाठी मी पत्रे लिहू लागलो. परदेशातील क्रीडासंस्था विनातक्रार उत्तरे देत; आपल्याच शहरातील सरकारी कचेरीने माझ्या अकरा स्मरणपत्रांची साधी पोचही दिली नाही. मी संतापलो, की नत्थूजी हसत. "तुमी भांडा साहेब. मी नावं जपतो."

अशी दहा पदके जमली. सगळी दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाची. जुन्या लुगड्याच्या फडक्यांत गुंडाळून ती ते पत्र्याच्या डब्यात ठेवीत. कोणाला घासू देत नसत. "घासलं का नाव झिजते," म्हणत.

अकरावे आले ते पहिल्या क्रमांकाचे. लांब पल्ल्याच्या शर्यतीचे, विजेत्याचे नाव शाबूत. त्या दिवशी नत्थूजी जेवायला घरी गेले नाहीत. खंत एकच होती : तुटलेल्या कडीच्या शेजारी कोणीतरी खिळ्याने ओबडधोबड भोक पाडले होते. ते पाहून मी वृत्तपत्राला खरमरीत पत्र लिहिले. विजेत्याचे नाव आणि दुकानाचा पत्ता देऊन विचारले, की या राष्ट्रीय ठेव्याला भोसकणारे आणि तो मोडीत काढणारे कृतघ्न वंशज कोण? पत्र ठळकपणे छापून आले.

आठ दिवसांनी सावनेरच्या एक पन्नाशीच्या शिक्षिका ते कात्रण घेऊन दुकानात आल्या. मी तिथेच होतो.

"हे माह्या बाबाचं," त्या म्हणाल्या. "माह्या भावानं विकलं, मले न सांगता. पन भोक माह्या मायनं पाडलं. घरात लेकरू झालं, का काळ्या दोऱ्यात ओवून त्याच्या गळ्यात बांधे. म्हने, याच्या बापाले कोनी गाठलं नाही, तं याले आजार काहून गाठंन? आमी पाचही भावंडं त्याच्यावर वाढलो." मग आवाज उतरला. "पोरीले लेकरू झालं. लय बारीक हाये."

मी कायदा सांगितला. भाऊही वारस, पदक त्याच्याच ताब्यात, विक्री भर बाजारात, पावती रीतसर. पदकावर नत्थूजींचा हक्क निर्विवाद. बोललो त्यातला एक शब्दही चुकीचा नव्हता. बाईंनी कात्रणाची घडी घातली आणि त्या उठल्या.

"बसा बाई." नत्थूजींनी डबा उघडला. पदक तळहातावर घेऊन काठावरून एकदा नख फिरवले. मग बाळांच्या वाळ्यांना बांधायचा काळा दोरा काढून त्यांनी तो त्या ओबडधोबड भोकातून ओवला, गाठ मारली आणि पदक बाईंच्या ओंजळीत ठेवले.

मला राहवेना. "नत्थूजी, सगळ्या आयुष्यात एकच पहिला क्रमांक मिळाला होता तुम्हाला!"

"मले कुठं मिळाला? मी कधी धावलो?"

बाई गेल्यावर रिकामे फडके घडी करीत ते म्हणाले, "आता अजून एक पत्र लिवा पेपरले. त्या मायले तुमी काय काय म्हनलं."

चाळीस वर्षांच्या वकिलीत मी लिहिलेले पत्र मागे घेतले नव्हते. तिथेच बसून चार ओळी लिहिल्या आणि त्यांना वाचून दाखवल्या : सदर भोक विजेत्याच्या पत्नीने मुलांच्या रक्षणार्थ पाडले होते; माझ्या हातून अनवधानाने त्या कुटुंबाची बदनामी झाली; मी क्षमा मागतो.

"अनवधानानं म्हंजे?"

"म्हणजे लक्ष नसताना."

नत्थूजी आज नाहीत. त्यांचा भाता, त्यांचे नख, त्यांचे फडके यांपैकी काहीही मला इतके स्पष्ट आठवत नाही, जितकी तेव्हा माझ्यावर खिळलेली त्यांची शांत नजर आठवते.

"लक्ष तं तुमचं पुरं होतं गा," ते म्हणाले.

मी तो शब्द खोडला, त्या जागी 'रागाने' असे लिहिले आणि सही केली.