माघारी वळवायची शीळ

मी पदवीधर झालो याचं श्रेय मी आधी माझ्या वडिलांना देतो आणि लगेच त्यांच्या काळ्या कुत्र्याला. लोक हसतात. हसू देत.

आमचं गाव कोरीटच्या पुढे, तापीकाठी. तेव्हा नदीवर पूल नव्हता. शेती गुजर मंडळींची, आणि त्यांची गुरं राखायचे माझे वडील. गुराख्याला संध्याकाळी घराघरातून भाकर मिळायची आणि खळं झालं की ज्वारी. त्या ज्वारीवर मी नंदुरबारला शिकलो आणि पुढे पुण्याच्या कॉलेजात गेलो. त्याच साली वडिलांना रातांधळेपण आलं. दिवसा नजर ठीक, पण ऊन उतरलं की समोरची गायसुद्धा दिसेनाशी व्हायची. हे उघड झालं असतं तर कळप दुसऱ्याच्या हाती गेला असता आणि मला पुस्तकं बांधून परत यावं लागलं असतं. म्हणून त्यांनी कुत्रा शिकवायला घेतला.

दुपारी गुरं निंबाखाली रवंथ करत बसली की शिकवणी सुरू व्हायची. कुत्र्याच्या गळ्यात लांब दोर. दोन बोटं जिभेखाली घालून वडील शीळ घालत. एक लांब शीळ म्हणजे थांब. दोन आखूड म्हणजे जवळ ये. आणि खालून वर चढत जाणारी, शेवटी तुटणारी एक शीळ होती, ती माघारी वळवायची. गाय-वासरू नदीच्या दरडीकडे जायला लागलं की कुत्र्यानं पुढे धावून, आडवं होऊन, गुडघ्यांना ढकलत त्याला परत फिरवायचं. जमलं की ताकात भिजवलेला भाकरीचा तुकडा. न जमलं तर वडील रागवत नसत, नुसते दोर गुंडाळत बसत. कुत्र्याला तेच जास्त लागे.

गावात चेष्टा झालीच. एक म्हातारे पाटीदार ओट्यावरून म्हणाले, "आते कुत्राच गुराखी व्हई गया. मंग भाकर बी त्यालेच देऊत का?" वडीलही हसले. पण त्या रात्री ते जेवले नाहीत.

माय मात्र वेगळ्याच कारणानं धास्तावली होती. त्या शिळा वडिलांच्या नव्हत्या, माझ्या काकांच्या होत्या. दोघे भाऊ मिळून गुरं राखायचे. माझ्या जन्माआधी एका तिन्हीसांजेला काका दरडीवरून गुरं माघारी वळवत होते. दरड ढासळली आणि ते तापीत गेले. वडिलांनी शेवटची ऐकली ती काकांची हाक नाही, त्यांची शीळ. तेव्हापासून आमच्या घरात दिवा लागल्यावर कुणी शीळ घालत नसे. त्या वेळी घातलेल्या शिळेला नदीकडून उत्तर येतं, आणि ज्यानं उत्तर दिलं त्याला परत पाठवता येत नाही, असं माय सांगायची. मेलेल्याची शीळ कुत्र्याला का शिकवता, असं तिनं विचारलं. वडील म्हणाले, मला दुसरी येत नाही.

कुत्रा शिकला. वडील दिवे लागायच्या आत गुरं गावात आणत आणि मग भाकर गोळा करायला गुपचूप त्याच्या मागून घरोघर चालत.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आलो होतो. दिवस लहान झाले होते. एका संध्याकाळी गुरं निघाली तेव्हा एक गाभण गाय मागे राहिली. वडील म्हणाले, अजून ऊन आहे, तू कळप ने, मी तिला घेऊन येतो. कुत्रा त्यांच्याजवळ राहिला. मी वेशीपाशी पोचलो तर ती गाय तिथेच उभी, गळ्यात घंटा, कडब्याची पेंढी ओढत होती. कुठल्या वाटेनं आली कोण जाणे. मी कळप तसाच सोडला आणि पळत मागे फिरलो.

सूर्य गेला होता. नदीवरून धुरासारखं काहीतरी उठत होतं. दूरवर वडील दिसले. हात थोडे पुढे धरून, मान कलती करून, कुणाच्या तरी मागे चालावं तसे ते दरडीकडे चालले होते. मी हाका मारल्या, पण वारा माझ्या तोंडावर येत होता. मग मी बोटं तोंडात घातली. तोंड इतकं कोरडं पडलं होतं की नुसती हवा निघाली.

आणि शीळ वाजली. खालून, पाण्याच्या बाजूनं. चढत गेली आणि शेवटी तुटली.

वडील जागच्या जागी थबकले. त्यांचा चेहरा आवाजाकडे वळला आणि त्यांनी पाऊल टाकलं, आधीपेक्षा घाईनं. पण कुत्रा पुढे झाला होता. तो आडवा आला, त्यांच्या गुडघ्यांना ढकलू लागला. त्यांनी काठी उगारली. तो हटला नाही. वासराला वळवावं तसं त्यानं त्यांना पाऊल पाऊल मागे आणलं, थेट माझ्या हातात. मी पुढे जाऊन पाहिलं. पावसाळ्यात दरड आतपर्यंत तुटली होती आणि वर नुसतं गवत लोंबत होतं.

"तू वाजाडी का?" वडिलांनी विचारलं.

मी नाही म्हणालो. गाय घरी पोचल्याचं सांगितलं. ते म्हणाले, घंटा तर माझ्या पुढे पुढे वाजत होती. मला घंटा ऐकू आली नव्हती. शीळ ऐकू आली होती.

त्यांनी कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "मना भाऊनी माले बलायं नही. माघारी धाडं."

दुसऱ्या दिवसापासून मिळालेल्या भाकरींतली एक ते दरडीपासून दूर, निंबाच्या मुळाशी ठेवू लागले. सकाळी ती नसायची. कुत्रा उपाशी असला तरी तिला तोंड लावत नसे, हे मी स्वतः पाहिलं आहे. वडिलांनी कळप राखला, माझी शेवटची परीक्षा होईपर्यंत. गावानं त्यांना कधी काढलं नाही.

पदवी घेऊन घरी आलो तेव्हा कुत्रा म्हातारा झाला होता आणि ठार बहिरा. कानाशी थाळी वाजवली तरी हलत नसे. त्या संध्याकाळी मी नदीकडे पाय मोकळे करायला निघालो. माय आत दिवा लावत होती. ओट्यावर झोपलेला कुत्रा एकदम उठला, कान टवकारले, नदीकडे पाहिलं. मग माझ्यापुढे आडवा आला आणि गुडघ्यांना ढकलू लागला.

मी माघारी फिरलो.