मायच्या पाठीवरचे तीन ठिपके

आधीच सांगून टाकते, या सदरातले अनुभव मी स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचते ते हसण्यासाठी. सिंदी (रेल्वे)च्या शाळेत एकोणीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवतेय. भूत-बित म्हटलं की माझं डोकंच सणकतं. पण मागच्या हिवाळ्यात जे झालं ते वर्गात सांगता येण्यासारखं नाही… म्हणून इथं लिहितेय. हसायचं तर हसा.

माझी माय गिरडजवळच्या एका खेड्यात राहायची. तीन वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाल्या, आणि बाई पुन्हा कापूस वेचायला हजर! मग पाठ दुखायला लागली. मी काय केलं? ‘वाकून वेचतेस म्हणून दुखते’ असं लेक्चर दिलं, तिला माझ्या घरी आणलं आणि रोज बाम चोळला. दोन महिने. विज्ञानाची मास्तरीण! शेवटी एमआरआय केला तेव्हा कॅन्सर मणक्यात पोचला होता आणि पाय बधिर व्हायला लागले होते. डॉक्टर म्हणाले, शेक – म्हणजे रेडिएशन – लगेच सुरू करू, नाहीतर पाय जातील. तोवर तिला अजिबात हलवू नका. साधी कूस बदलायची तरी आम्ही घरातले तिघं लागायचो, आणि ती ओरडायची.

शेक नेमका कुठं द्यायचा त्याच्या खुणा करायला तिला टेबलावर पालथं झोपवलं. टेक्निशियन मुलीनं पाठीवरचा गाऊन सरकवला आणि ती थांबलीच.

“मावशी, याआधी कुठं शेक घेतला होता?”

“नाई वो बाई.”

मला आत बोलावलं. मायच्या पाठीवर तीन ठिपके होते. एक मणक्यावर, दोन बाजूंना, एका ओळीत. हिरवट, जुने. तिथले लोक सुईनं शाई भरून अगदी अशाच खुणा करतात, आंघोळीत जाऊ नयेत म्हणून.

डॉक्टर आले. “मॅडम, खरं सांगा. एकाच जागी दुसऱ्यांदा शेक दिला तर मज्जारज्जू जळू शकतो. जुने कागद आणा.”

जे झालंच नाही त्याचे कागद कुठून आणू? ऑपरेशनच्या दवाखान्यातून रेकॉर्ड यायला चार दिवस लागणार होते, आणि सकाळपासून मायला पायाखालची चादर गार की गरम तेही कळत नव्हतं.

“मग लिहून द्या,” डॉक्टर म्हणाले, “की आधी शेक घेतलेला नाही.”

मला न सांगता मायनं कुठं शेक घेतला असेल, तर माझ्याच सहीनं तिचे पाय जाणार. सही नाही केली, तरी जाणार. हातात पेन घेऊन मी नुसती उभी… एवढं अडकल्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मी मायजवळ वाकले. तिचा गाल टेबलाला टेकलेला.

“माय, पाठीवर कधी गोंदलं तू?”

“काल. तू चाय मांडाले गेलती ना, तवा आलती थे.”

“कोण?”

“गोंदणारी बुढी. लहानपणी माह्या हातावर जिनं गोंदलं, थेच. एकटीनं मले कुशीवर केलं तिनं. काईच दुखलं नाई.”

“माय, असं बोलशील तर हे लोक मले येडी समजतीन.”

“मंग नको सांगू त्याइले. पन मले उठव ना आता.”

आदल्याच दिवशी सकाळी मी तिची पाठ ओल्या फडक्यानं पुसली होती. पाठ कोरी होती. दोन महिने चोळलेली पाठ, तिच्यावरचा तीळ न् तीळ माझ्या हाताला पाठ झाला होता. तेवढ्या भरवशावर मी सही केली.

मग शेकाची जागा दाखवणाऱ्या मशीनच्या लाल रेषा पाठीवर पडल्या… आणि बरोबर त्या तीन ठिपक्यांवर आल्या. सुई हातात घेऊन ती मुलगी डॉक्टरांकडे बघत राहिली. त्यांनी वाकून तिन्ही ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “नवीन खुणा नकोत.”

शेक पूर्ण झाले. तीन आठवड्यांनी एका सकाळी माय म्हणाली, “वंदे, फरशी गार लागून राह्यली वो.” मी तिथंच बसून रडले. आज ती वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते.

बुढी दिसली ती दुखण्याच्या जड गोळ्यांमुळे, हे मला मान्य आहे. पण गोळ्या ठिपके काढत नाहीत! चार दिवसांनी रेकॉर्ड आलं, त्यातही शेकाचा उल्लेख नव्हता. ठिपके अजून आहेत. खुलासा माझ्याकडे नाही.

परवा मी सहज विचारलं, “आणखी काय म्हणे तुही बुढी?”

“म्हणे, सध्या एवढंच. बाकीचं मंग येऊन करीन.”

माझा अजूनही कशावर विश्वास नाही. फक्त इंडक्शनची शेगडी मी मायच्या खोलीत आणून ठेवली आहे. चहा आता तिथंच करते, तिच्याकडे तोंड करून.