बापूसाहेबांच्या गाडीचं व्होल्टेज

धारमध्ये गाड्यांच्या वायरिंगचं आणि म्युझिकचं दुकान टाकलं की गिऱ्हाईक कमी आणि किस्से जास्त जमतात. त्यातून गिऱ्हाईक आपल्याच मराठी मंडळातलं असेल, तर हसायचीही चोरी!

*

कन्नौदहून एक भिया आले; आमच्या माळव्यात भाऊला भियाच म्हणतात. गाणं जोरात लावलं की त्यांचा ॲम्प्लिफायर बंद पडायचा. म्हटलं, "बॅटरीत व्होल्टेज आहे, पण पुढे पोहोचेपर्यंत कमी होतंय. कुठे ते मीटर लावून बघावं लागेल."

"मीटर रहने दो भिया," म्हणत त्यांनी डिकी उघडली. आत घरच्या फ्रिजचा स्टॅबिलायझर!

"ये फिट कर दो. घर में तो इसी से ठीक हुआ था."

*

आमच्या मंडळाचे अध्यक्ष बापूसाहेब. आजोबा संस्थानच्या दरबारात होते, तो ताठा अजून उतरलेला नाही. मुलाचं, सौरभचं, लग्न देवासला ठरलं आणि त्यांनी एकच ध्यास घेतला: वरात स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या म्युझिकवर निघाली पाहिजे. देवासकर बघत राहिले पाहिजेत! जुन्या गाडीला नवा मरून रंग दिला, मोठा ॲम्प्लिफायर बसवला.

गाडी दाखवायला आले, तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होत होते. मी म्हटलं, "बापूसाहेब, हा फॉल्ट आहे."

"फॉल्ट? अहो, लाइट तालावर नाचतायत! साडू विचारत होते, असे कुठे बसवून मिळतात!"

*

मग बापूसाहेबांची गाडी सकाळी सुरू होईना. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. मी त्यांच्या घरी जाऊन बॉनेट उघडलं, तर बॅटरी दिसेचना. हळदकुंकू, हार, टर्मिनलवर निरांजनातलं तूप! मी फडकं काढलं.

"पुसू नका!" बापूसाहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, ओरडल्या. "लग्नघरची पूजा आहे!"

"पण काकू, गाडी सुरू व्हायला नको का?"

"तेवढ्यासाठीच तर पूजा केली!"

*

काकू आत गेल्यावर मी टर्मिनल पुसलं, तरी फरक पडेना. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं गाडीच्या बॉडीला. म्युझिक चालू केलं, तर जवळजवळ दोन व्होल्ट तिथेच खर्ची पडत होते. बॅटरीची मायनस वायर बॉडीला जोडतात, त्या अर्थिंगच्या जागेवरही पेंटरने रंग फासला होता आणि वायरचा बोल्ट त्या रंगावरच आवळला होता; करंट तिथेच अडत होता.

म्हटलं, "बोल्टाखालचा नाण्याएवढा रंग खरवडतो. लगेच होईल."

"नव्या रंगाला ओरखडा?" बापूसाहेब बॉनेटला आडवे आले. "व्याह्यांनी बघितला तर?"

"व्याही बॉनेट कशाला उघडतील?"

"उघडतील हो! मुलगी देतायत!"

माझं डोकंच फिरलं. मीटर गुंडाळून घरी आलो.

*

देवासला वरात दणक्यात निघाली. हेडलाइट नाचले, बापूसाहेब मिशीत हसले. पाठवणीच्या वेळी नवरी गाडीत बसली, रडारड झाली, सौरभने किल्ली फिरवली. टक्! पुन्हा टक्! रडणारी माणसं रडायची थांबून बघू लागली. शेवटी नवरीच्या भावांनी फेटे काढून ठेवले आणि गाडी ढकलली. बापूसाहेब पुढच्या सीटवर तसेच ताठ बसून होते. खरं सांगतो, मला जरासुद्धा दया आली नाही.

धार येईपर्यंत इंजिन बंद करायची कुणाची हिंमत झाली नाही. दारात काकूंनी माप ठेवलं. बायका ओरडल्या, "उखाणा! उखाणा!"

नवरीने पदर सावरला, एकदा गाडीकडे बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"धक्के मारून भाऊ थकले, गाडी आली घरी,
सौरभरावांचं नाव घेते, माहेरी जायला बसच बरी!"